कारल्यावर पांढरी भुकटी, टोमॅटोला खालून करपा : विषारी औषध न मारता काय करता येईल?

रानवाटा_दिंडोरी

नमस्कार मंडळी. आमचं वावर दिंडोरी तालुक्यात कादवा नदीच्या अलीकडं आहे. ३० गुंठे कारली मांडवावर आणि एक एकर टोमॅटो तार-बांबूवर. गेल्या वर्षीपासून मी आणि माझी जाऊ दर शनिवारी नाशिकला गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये थेट भाजी घेऊन जातो, सुरुवातीला वीस-बावीस घरं होती आता सत्तरच्या वर झालीत. त्या लोकांना आम्ही शब्द दिलाय की आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारं) बुरशीनाशक मारणार नाही, आणि तो शब्द मला मोडायचा नाहीये.

आता अडचण अशी की दिवाळी झाल्यापासून दिवसा ऊन, पहाटे गच्च दव, मधेच दोन दिवस ढगाळी असं चाललंय. कारल्याच्या जुन्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखं पांढरं आलंय. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडून त्यावर तपकिरी डाग आहेत आणि नाल्याच्या बाजूच्या चार-पाच ओळी तर वेगळ्याच दिसतात, काळपट, ओलसर. दशपर्णी (दहा झाडपाल्यांचा अर्क) दोनदा मारला, गोमूत्र मारलं, ट्रायकोडर्माचं पाकीट आणून तेही पंपात टाकून पानांवर मारलं. काडीचा फरक नाही. घरचे म्हणतात आता हट्ट सोड आणि दुकानदार देईल ते आण. मला खरंच कळत नाहीये की माझं चुकतंय कुठं, औषध चुकतंय का वेळ चुकतेय का नैसर्गिक पद्धतीनं हे होतच नाही. ज्यांनी स्वतःच्या वावरात केलंय त्यांनी सांगा.

निफाडची_बाग

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही तीन वेगवेगळ्या रोगांबद्दल एकाच दमात विचारताय. "बुरशी" हे एक नाव आहे पण आत भांडणं वेगवेगळी आहेत. आम्हा द्राक्षवाल्यांना भुरी आणि डावणी यातला फरक पोटासाठी शिकावा लागला, मी बावीस वर्षं बाग करतोय म्हणून सांगतो, भाजीपाल्यातही अगदी हेच गणित आहे.

भुरी म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला पांढरं पीठ, बोटानं पुसलं की बोटाला लागतं. हिला पान ओलं असण्याची गरज नाही. दिवसा कोरडं, रात्री गार, झाडं दाट, सावली, की भुरी आलीच. डावणीचं, म्हणजे वेलवर्गातल्या केवड्याचं उलटं आहे, त्याला पानावर पाणी थांबलेलं लागतं. वरून पिवळे कोनाकोनाचे डाग, शिरांच्या चौकटीत अडकलेले, आणि पहाटे दव असताना पान उलटं करून बघितलं तर खाली करड्या-जांभळ्या रंगाची लव दिसते. दुपारी बघाल तर ती लव दिसणार नाही, म्हणून बघायचं ते सहा-साडेसहाला.

टोमॅटोत लवकर येणारा करपा असेल तर डागात गोल गोल वलयं दिसतात, झाडाच्या खोडाच्या कापासारखी, आणि तो जुन्या खालच्या पानांवरून वर चढतो. हळू चढतो, त्याला हाताळता येतं. पण नाल्याच्या बाजूचं तुम्ही जे ओलसर काळपट लिहिलंय ना त्याची मला काळजी वाटतेय. तसली तीन-चार पानं तोडा, ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर घरात ठेवा. सकाळी डागाच्या कडेला खालून पांढरी बारीक लव आली असेल तर तो उशिरा येणारा करपा. मग इथं गप्पा मारत बसू नका, त्याच दिवशी लिहा.

अॅग्री_सिन्नर

काका बरोबर बोलले. मी बीएस्सी अॅग्री करून सिन्नरला घरचीच शेती बघतेय, ट्रायकोडर्माबद्दल लिहिते कारण त्यात फार पैसे वाया जाताना बघतेय.

ताई, ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे, मातीत राहणारी. ती मुळाभोवती जागा धरते, दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेढे घालते, तिची भिंत विरघळवून तिला खाते. म्हणजे मर रोग, मूळकूज, नर्सरीत रोपं जमिनीलगत कोलमडून पडणं, या ठिकाणी तिचा उपयोग. तुम्ही ती पानावर मारली, तिथं ऊन, वारा, कोरडं, ती बिचारी टिकणार किती. शिवाय पानावर रोग दिसायला लागल्यावर मारली. तिला आधी जाऊन घर करावं लागतं तेव्हा ती राखण करते, भरलेल्या घरात नंतर घुसून भाडेकरू काढणं तिला जमत नाही.

करायचं कसं तर बियाण्याला किलोला ५ ग्रॅम चोळा, रोपं लावताना १० ग्रॅम लिटरच्या पाण्यात मुळं बुडवून लावा, आणि एकरी दोन-अडीच किलो पावडर १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ढीग करा, ओल धरून ठेवा, गोणपाटानं झाका, दोन-तीन दिवसांनी उलटापालट. आठ-दहा दिवसांत ढिगावर हिरवट पांढरं जाळं दिसायला लागतं, मग बेडमध्ये घाला. कच्च्या शेणात टाकू नका, उकळत्या खतात ती मरते.

आणि पाकिटावरची तारीख बघा. मला एका दुकानातून मुदत संपून चार महिने झालेलं पाकीट दिलं होतं, तेही पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात पडलेलं. पावडर तीच दिसते पण आत जिवंत काही उरलेलं नसतं. ग्रॅममध्ये निदान २० लाख जिवंत बीजाणू असले पाहिजेत असं प्रमाण आहे, पाकिटावर ते छापलेलं असतं, शक्यतो कृषी विद्यापीठाचं किंवा कृषी विज्ञान केंद्राचं (केव्हीके) घ्या. नाशिकला मुक्त विद्यापीठाचं केव्हीके आहे, तिथं पान घेऊन गेलात तर निदानही करून देतात.

दशपर्णीबद्दल वाईट वाटून घेऊ नका, ते मुख्यतः किडीसाठी आहे. बुरशीला त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

गोठा_कळवण

रामराम ताई. भुरी असेल तर दूध मारा. हसू नका कुणी, मी गेली चार वर्षं काकडी दुधावर काढतोय. घरच्या गाईचं कच्चं दूध, १५ लिटरच्या पंपाला दीड लिटर, बाकी पाणी, गाळून घ्यायचं नाहीतर नोझल चोंदतं. सकाळी ऊन आल्यावर मारायचं, संध्याकाळी नाही. आठवड्यातून एकदा, भुरी जास्त असेल तर दोनदा. पान दोन्ही बाजूंनी भिजलं पाहिजे.

ही काय आजीबाईची गोष्ट नाही बरं का, ब्राझीलमध्ये वॅग्नर बेट्टिओल नावाच्या शास्त्रज्ञानं झुकिनीवर प्रयोग करून १९९९ साली छापलंय, झुकिनी भोपळ्याच्याच कुळातली. १० टक्के दूध आठवड्याला मारून भुरी चांगली आटोक्यात आली होती. ऊन पडल्यावर दुधातल्या प्रथिनांपासून काहीतरी तयार होतं आणि ते बुरशीला सोसत नाही असं सांगतात. ज्यांना दूध परवडत नाही त्यांनी पनीरवाल्याकडून निवळी (दूध फाडल्यावर उरलेलं पाणी) आणा, तीही चालते. आमच्याकडं आंबट ताक मारणारे पण आहेत, ४-५ दिवस ठेवलेलं, १०० लिटरला तीन लिटर. ताकाचा मला काकडीवर दुधाइतका गुण आला नाही पण मेथीवर बरा वाटला.

एक मात्र, दूध भुरीलाच. डावणीला आणि करप्याला दूध मारून काही होत नाही, मी करून बसलोय.

निफाडची_बाग

कळवणकर, हे शेवटचं वाक्य तुम्ही मोठ्या अक्षरात लिहा. दुधाचा व्हिडिओ बघून टोमॅटोच्या करप्यावर दूध मारणारे लोक मी पाहिलेत.

भुरीला अजून दोन गोष्टी आहेत. एक गंधक, पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं, लिटरला दोन ग्रॅम. गंधक खनिज आहे, सेंद्रियवाल्यांनाही चालतं, पण वेलवर्ग त्याला नाजूक, आधी चार-पाच वेलांवर मारून तीन दिवस थांबा. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका, पानं भाजतात. निंबोळी तेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या. दुसरी गोष्ट अॅम्पिलोमायसिस, ही भुरीवरच जगणारी बुरशी, आमच्या द्राक्षात शेवटच्या टप्प्यात रेसिड्यू (फळावर उरणारा औषधाचा अंश) नको म्हणून बरेच जण वापरतात. संध्याकाळी मारायची, हवेत ओल हवी, आणि गंधकाबरोबर कधीच नाही.

खायचा सोडा पण लोक मारतात, लिटरला ५ ग्रॅम आणि थोडा साबण. चालतो, पण त्यातलं सोडियम जमिनीत जातं, आपल्या काळ्या जमिनीला ते आधीच जास्त होतंय. माझ्या मते पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर ते घ्या, महाग आहे पण जमीन खराब करत नाही.

रानवाटा_दिंडोरी

सगळ्यांचे खूप आभार. पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन गेले. कारल्याचं पांढरं बोटाला लागतं, खालून लव नाही, म्हणजे भुरीच. टोमॅटोच्या मधल्या ओळींत वलयांचे डाग आहेत. आणि नाल्याकडची पानं रात्री पिशवीत ठेवली होती, सकाळी उघडली तर डागाच्या कडेला खालून पांढरी लव आहे. माझे हातपाय गळाले. सहा ओळींत आहे, दोन ठिकाणी खोडावर पण काळे पट्टे. काका आता काय करू, आज शुक्रवार आहे उद्या गाडी न्यायची आहे.

निफाडची_बाग

ताई घाबरू नका पण उशीर पण करू नका. हा रोग चार-पाच दिवसांत प्लॉट बसवतो, गार रात्र आणि सतत ओल मिळाली की. मी सांगतो त्या क्रमानं करा.

आधी दव वाळू द्या. ओल्या झाडात अजिबात शिरू नका, तुमच्या लुगड्याला, हाताला लागून तोच रोग बाकीच्या ओळींत जातो. दहा वाजता निरोगी भागातली विकण्याजोगी सगळी फळं तोडून घ्या, कच्ची-पिकी बघू नका, रंग धरलेलं सगळं काढा. नंतर, शेवटी, रोगट ओळींकडे जायचं. खोडावर पट्टे आलेली झाडं मुळासकट काढून गोणीत भरा, ओढत नेऊ नका. बांधावर टाकायची नाहीत, नाल्यात तर नाहीच नाही. दोन फूट खड्डा करून पुरा. हा रोग जिवंत हिरव्या भागात टिकतो, म्हणून फेकलेलं झाड म्हणजे ठेवलेला विस्तव.

मग बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुन्याचं मिश्रण. अर्धा टक्का. ५०० ग्रॅम मोरचूद ५० लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या टाकीत, लोखंडी नको. मोरचूद रात्री फडक्यात बांधून पाण्यात वर लटकवून ठेवलं की सकाळपर्यंत विरघळतं, तुम्हाला आज घाई आहे म्हणून गरम पाण्यात विरघळवा. ५०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्यानं फोडा, ५० लिटर करा, गाळा. चुना ताजा हवा, भुगा झालेला जुना चुना घेऊन उपयोग नाही. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टाकीत धार धरून ओता, ढवळत राहा. आता स्वच्छ घासलेला चाकू किंवा खिळा मिनिटभर बुडवा. लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी वाढवा. चढलं नाही तर तयार. लगेच फवारायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. पानाच्या खालची बाजू भिजली पाहिजे. कारल्यावर हे मारू नका, कोवळ्या वेलाला चटका देतं.

फवारल्यावर आठवडाभर तोडा नको आणि नंतर फळं धुऊन द्या.

देशी_शेती

माफ करा पण मोरचूद नैसर्गिक कसं झालं? ताईंनी ग्राहकांना शब्द दिलाय आणि तुम्ही त्यांना निळं औषध मारायला सांगताय. जमिनीत जीव असेल, देशी गाईचं शेण-गोमूत्र असेल, त्याचंच आंबवलेलं जीवामृत दर पंधरा दिवसांनी जात असेल तर रोग येतच नाही. आम्ही ताकात तांब्याची तार टाकून ठेवतो आणि ते मारतो, दुसरं काही लागत नाही.

अॅग्री_सिन्नर

दादा, जमिनीत जीव हवा हे शंभर टक्के मान्य, मीही जीवामृत सोडते. पण उशिरा येणारा करपा जमिनीतून येत नाही, तो वाऱ्यावर येतो, शेजारच्या प्लॉटमधून. काटेकोर बघितलं तर ती बुरशीही नाही, पाण्यातल्या शेवाळाच्या नात्यातला जीव आहे, म्हणून तर पानावर पाण्याचा थर मिळाला की पसरतो. १८४५ ला आयर्लंडचं बटाट्याचं पीक यानंच बसवलं आणि पुढच्या दुष्काळात लाखांनी माणसं गेली, त्यांच्याकडं तेव्हा ना रासायनिक खत होतं ना औषध. चांगली जमीन झाडाला ताकद देते पण या रोगापुढं तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

आणि तुमच्या ताकातल्या तारेतून जे उतरतं ते पण तांबंच आहे ना. फरक एवढाच की बोर्डोत किती तांबं गेलं ते मला मोजता येतं, ताकात नाही येत. मोरचूदात पाव हिस्सा तांबं असतं. अर्धा टक्का बोर्डो एकरी २०० लिटर म्हणजे एक किलो मोरचूद, म्हणजे अडीचशे ग्रॅम तांबं. हेक्टरचा हिशोब केला तर सव्वासहाशे ग्रॅम. युरोपात तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, वर्षाला सरासरी चार किलो. म्हणजे वर्षात सहा फवारण्या ही वरची हद्द, आणि मी म्हणेन दोन-तीनच्या पुढं जाऊच नये कारण तांबं कुजत नाही, मातीत साचतं, गांडुळाला त्रास होतो. आपल्याकडच्या सेंद्रिय प्रमाणीकरणातही ते चालतं पण मर्यादेत.

ताई, माझा सल्ला, उद्या ग्राहकांना सरळ सांगा. रोग आला, तांबं आणि चुना मारलाय, का मारलाय. लोकांना समजतं.

देशी_शेती

आकडे बघून विचार करावा लागला. ताकातलं तांबं मी कधी मोजलं नव्हतं हे खरं. पण रोग येऊच नये यासाठी काय ते पण सांगा, आल्यावर धावपळ करण्यापेक्षा.

निफाडची_बाग

तेच खरं सांगायचं राहिलं होतं. पान कोरडं ठेवणं हे पहिलं औषध, बाकी सगळं नंतर.

टोमॅटोच्या दोन ओळींत पाच फूट तरी ठेवा. आपल्याकडं चार फुटांवर लावतात आणि मग कापसासारखं दाट झालं की आत वारा शिरत नाही, दहा वाजले तरी दव वाळत नाही. झाड गुडघ्याएवढं झालं की जमिनीला टेकणारी खालची पानं काढून टाका, फूटभर खोड मोकळं दिसलं पाहिजे. लवकर येणारा करपा मातीतून पावसाच्या थेंबाबरोबर उडून त्याच पानांवर बसतो, म्हणून जमीन झाकायला मल्चिंगचा कागद किंवा पाचट टाका. पाणी ठिबकनं, सकाळी. संध्याकाळी पाणी सोडून रात्रभर वाफ्यात दमटपणा ठेवायचा ही फार जणांची चूक आहे, लाइट रात्रीची असते म्हणून करतात, मला कळतंय, पण निदान ढगाळीत तरी टाळा. युरिया, नत्र जपून. काळीकुट्ट लुसलुशीत पानं बघून आपल्याला बरं वाटतं आणि बुरशीला त्याहून बरं वाटतं.

अजून एक. भाव पडला की आपल्याकडं रस्त्याच्या कडेला, बांधावर टोमॅटोच्या पाट्याच्या पाट्या ओततात. पिंपळगाव, गिरणाऱ्याच्या रस्त्यानं जा, दिसेल. त्यातून रोपं उगवतात, रोग त्यावर बसून राहतो. ज्याचं वावर त्यानं ते पुरलं पाहिजे. आम्ही आमच्या शिवारात चौघांनी मिळून ट्रॅक्टरनं एक खड्डा केलाय, सगळे त्यातच टाकतात.

चांदवडचा_कांदा

मधेच विचारतो, कांद्याच्या पातीवर जांभळे डाग आहेत, मध्ये जांभळट आणि बाजूनं पिवळं. यावर पण बोर्डो चालेल का. पातीवर फुलकिडे पण आहेत.

अॅग्री_सिन्नर

जांभळा करपा आहे भाऊ. आधी फुलकिडे बघा, ते पात खरवडतात आणि त्याच जखमेतून करपा आत जातो, नुसत्या करप्याच्या मागं लागून उपयोग नाही. निळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क ५ टक्के संध्याकाळी, साबणाच्या पाण्यात, कारण कांद्याची पात मेणचट, पाणी ठरत नाही. बोर्डोही पातीवर ठरत नाही. तुषार सिंचन असेल तर सकाळी चालवा म्हणजे दिवसभरात पात वाळते. पुढच्या वेळी रोप गादीवाफ्यावर टाका आणि कांद्यावर कांदा घेऊ नका, मधे मका किंवा गहू जाऊ द्या. चितेगाव फाट्याला कांदा-लसणाचं संशोधन केंद्र आहे, तुमच्याकडून फार लांब नाही, पात घेऊन जाऊन या.

गच्चीबाग_पाथर्डीफाटा

माझी फक्त गच्चीवरची बाग आहे, विचारू का नको असं वाटत होतं. कुंडीत मेथी-पालक उगवतात आणि दोन इंच झाले की जमिनीपाशी बारीक होऊन आडवे पडतात. ट्रायकोडर्मा किती टाकू?

गोठा_कळवण

विचारा की, शेती ती शेतीच. पाणी जास्त होतंय तुमचं ताई. कुंडीची माती वर कोरडी दिसल्याशिवाय पाणी नको, बी विरळ टाका, कुंडीखाली विटा ठेवून भोकं मोकळी करा. ट्रायकोडर्मा एका बादली शेणखताला दोन चमचे, आठ दिवस सावलीत ओलसर ठेवून मग मातीत मिसळा. त्याच मातीत परत लावणार असाल तर आधी उन्हात पसरून वाळवा.

रानवाटा_दिंडोरी

तीन आठवडे झाले, सांगायला आले.

कारली : दूध पाच वेळा मारलं, दर चार-पाच दिवसांनी, सकाळी साडेआठनंतर. जुनी भुरी आलेली पानं काही परत हिरवी झाली नाहीत, ती आम्ही काढून टाकली, मांडवाखालून आता पलीकडचं दिसतं. पण वरचा नवा वेल स्वच्छ आहे आणि तोडा चालू आहे. एका कोपऱ्यात गंधकाची चाचणी घेतली होती, पाच वेलांपैकी दोघांची पानं कडेनं भाजली, म्हणून पुढं मारलं नाही. दूध दोन्ही गाईंचं एका वेळचं जात होतं, घरात चहाला डेअरीचं आणत होतो, सासूबाईंनी तेवढं चालवून घेतलं.

टोमॅटो : नाल्याकडच्या सहा ओळी गेल्या. ४८ झाडं त्या दिवशी काढली, नंतर अजून २० काढावी लागली. बोर्डो दोनदा मारला, दहा दिवसांच्या अंतरानं. पहिल्या वेळी चाकूवर तांबं चढलं होतं, काकांनी सांगितलं नसतं तर मी तसंच मारलं असतं आणि सगळा प्लॉट भाजला असता. मधल्या ओळी उभ्या आहेत. खालची पानं काढायला चार बाया दोन दिवस लागल्या, मजुरी गेली, पण आता नऊला दव वाळतं, आधी अकरा व्हायचे, मी रोज हात लावून बघते. नाल्याकडचा भाग सखल आहे, तिथं गार हवा साचते, पुढच्या वर्षी तिथं टोमॅटो लावणार नाही, मका लावेन.

ग्राहकांना त्याच शनिवारी सांगितलं. कागदावर लिहून नेलं होतं, काय मारलं, किती मारलं, का मारलं. पुढचा शनिवार टोमॅटो आणणार नाही हेही सांगितलं. दोन घरांनी भाजी बंद केली. एका आजींनी विचारलं की द्राक्षावर मारतात तेच का हे, मी हो म्हटलं, त्या म्हणाल्या धुऊन खाऊ. बाकी सगळे आहेत.

आता पुढचं विचारायचंय. हीच जमीन मला उन्हाळ्यात भाजून घ्यायची आहे, मुळांच्या रोगासाठी. प्लास्टिक टाकून करतात ना ते?

अॅग्री_सिन्नर

वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. ४८ झाडं स्वतःच्या हातानं उपटणं सोपं नसतं.

हो, प्लास्टिकनं करतात, १९७६ मध्ये इस्राएलमध्ये सुरू झालेली पद्धत आहे आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाला अगदी योग्य. नांगरून ढेकळं फोडा, भरपूर पाणी द्या, वाफसा आला (जास्तीचं पाणी उतरून माती नुसती ओलसर राहिली) की पारदर्शक प्लास्टिक अंथरा, २५ मायक्रॉनचं, काळं नको, काळ्यानं माती तेवढी तापत नाही. कडा मातीनं दाबून हवाबंद करा. चार ते सहा आठवडे. चार-पाच बोटं खोलीपर्यंत माती चांगली तापते, मर रोगाची बुरशी आणि तणाचं बी बऱ्यापैकी जातं. उचलल्यावर परत खोल नांगरू नका नाहीतर खालची न तापलेली माती वर येते. आणि चांगले जीवही थोडे कमी होतात, म्हणून लगेच ट्रायकोडर्मा मुरवलेलं शेणखत घाला. ते ढीग मेच्या शेवटच्या आठवड्यात लावायला घ्या म्हणजे वेळेवर तयार होईल.

निफाडची_बाग

प्लास्टिक माझ्याकडं पडून आहे, गेल्या वर्षी रोपवाटिकेला आणलं होतं, साधारण १० गुंठ्यांना पुरेल. एप्रिलमध्ये घेऊन जा ताई. आणि सखल कोपऱ्यात मका लावणार असाल तर बांधाच्या कडेनं नाही, ओळी नाल्याच्या दिशेनं काढा, म्हणजे साचलेली गार हवा खाली निघून जाईल आणि तुमच्या राहिलेल्या टोमॅटोला वारा अडणार नाही.